जपानहून जुनं पोकलेन मागवताना: जहाज सुटण्याआधी काय बघायचं

प्रश्न थोडक्यात असा. पाटण तालुक्यात खडीची खाण आणि रस्त्यांची छोटी कामं असलेल्या एका कंत्राटदाराला वीस टनी दोन जुनी एक्स्कॅव्हेटर जपानहून थेट मागवायची आहेत. तिकडच्या व्यापाऱ्याने सांगितलेला भाव इथल्या जुन्या बाजारापेक्षा बराच खाली दिसतो. ड्यूटी किती लागेल, किती दिवसांत येईल, दसऱ्याच्या पूजेला मशीन दारात उभं राहील का, आणि त्याच दमात चीनच्या कारखान्यातून एक नवा व्हील लोडरही मागवावा का, असं त्यांनी विचारलंय.

माझी पहिली अकरा वर्षं साइटवर मशीनच्या देखभालीत गेली आणि नंतरची सोळा आयातीच्या कागदांत. दोन्हीकडून बघून जे दिसतं ते सांगतो. हे लोक ड्यूटीचा आकडा विचारतात, पण पैसे बुडतात ते ड्यूटीत नाही. मशीन निवडताना, विक्रेत्याशी अटी ठरवताना आणि पैसे पाठवताना जे ठरतं त्यातच नफा-तोटा ठरलेला असतो. जहाज सुटलं की तुमच्या हातात फक्त बिलं भरणं उरतं.

आधी एक उलटा प्रश्न. थेट मागवायचंच कशाला? चाकणला सॅनी आणि ह्युंदाई, धारवाडला टाटा हिताची, अशी वीस टनी वर्गातली मशीन दारात बनतात. (आपण सगळ्याच एक्स्कॅव्हेटरला पोकलेन म्हणतो, ते पोकलेन या फ्रेंच कंपनीचं नाव. कंपनी विसरली गेली, नाव खाणीत राहिलं.) इथे घेतलेल्या मशीनला वॉरंटी असते, फायनान्स मिळतो, मेकॅनिक फोनवर येतो. आयात खरी शोभते ती इथे न मिळणाऱ्या मशीनला: मोठी क्रॉलर क्रेन, खोल पायलिंगची रिग, बोगदा खणणारं यंत्र, म्हणजे टीबीएम. मुंबई कोस्टल रोडचे बोगदे खणणारं ‘मावळा’ १२.१९ मीटर व्यासाचं, चीनमध्ये बनलेलं. ते आणण्याला पर्याय नव्हता. वीस टनी पोकलेनला पर्याय आहेत, म्हणून त्याचा हिशेब जास्त कडक हवा. तरीही जुन्या जपानी मशीनला मी नाही म्हणणार नाही. तिथली बरीच मशीन वेळेवर तेल बदललेली असतात, आणि आपल्या काळ्या पाषाणात घासलेल्या मशीनशी त्यांची तुलना होत नाही. चांगलं निवडलं तर खरंच फायदा होतो.

आता ड्यूटी, कारण तेवढं ऐकल्याशिवाय तुम्ही पुढचं वाचणार नाही. ३६० अंशांत फिरणारं एक्स्कॅव्हेटर ८४२९ ५२ या शीर्षकात बसतं. मूळ सीमाशुल्क ७.५ टक्के, त्या शुल्कावर १० टक्के समाजकल्याण अधिभार, आणि मालाची किंमत धरून या सगळ्यावर १८ टक्के आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी. धरा, न्हावा शेव्यापर्यंतची किंमत, म्हणजे मशीन, भाडं आणि विमा मिळून, ३५ लाख झाली. मूळ शुल्क २,६२,५००, अधिभार २६,२५०, आयजीएसटी ६,८१,९७५. एकूण ९,७०,७२५ रुपये, म्हणजे २७.७३५ टक्के.

यातला आयजीएसटी जीएसटी नोंदणी असलेल्या कंत्राटदाराला इनपुट क्रेडिट म्हणून परत वापरता येतो. खरा खर्च २,८८,७५० चा. मात्र बिल ऑफ एंट्रीवर, म्हणजे कस्टम्सकडे भरायच्या आयातीच्या कागदावर, तुमचा जीएसटी क्रमांक बरोबर हवा, नाहीतर क्रेडिट जीएसटी पोर्टलवरच्या तुमच्या २बी या तक्त्यात दिसतच नाही. आणि क्रेडिट वापरलं जाईपर्यंत पावणेसात-सात लाख अडकतात. दोन मशीनचे दुप्पट. ज्यांची बिलं सरकारी खात्यात सहा-सहा महिने पडून असतात, त्यांनी हा आकडा आधी खेळत्या भांडवलातून वजा करून बघावा.

किंमत मोजताना एक बारीक गोष्ट. भाड्याचा कागद नसेल तर कस्टम्स ते एफओबी किमतीच्या, म्हणजे जहाजावर चढवेपर्यंतच्या किमतीच्या, २० टक्के धरतं, आणि विम्याचा नसेल तर १.१२५ टक्के. खरं भाडं कमी असूनही कागद नाही म्हणून २० टक्क्यांवर ड्यूटी भरणारे मी पाहिलेत. विक्रेत्याकडून भाड्याचं वेगळं बिल मागायचं, एवढंच.

जपानशी आपला सर्वसमावेशक व्यापार करार १ ऑगस्ट २०११ पासून आहे, कोरियाशी १ जानेवारी २०१० पासून. त्यामुळे अनेक शीर्षकांवर मूळ शुल्क कमी किंवा शून्य होतं, आणि व्यापारी तुम्हाला हेच सांगत असणार: “ड्यूटी शून्य, कराराखाली.” जुन्या मशीनच्या बाबतीत मी यावर विसंबत नाही. सवलतीसाठी मूळ देशाचं प्रमाणपत्र लागतं, आणि ते मिळायला मशीन कुठे आणि कशाकशातून बनलं याची माहिती उत्पादकाकडून यावी लागते. लिलावातून मशीन उचललेल्या व्यापाऱ्याकडे ती कुठून असणार? शिवाय २१ सप्टेंबर २०२० पासून लागू असलेल्या कॅरोटार नियमांनी, म्हणजे कराराखालची सवलत मागण्याच्या कस्टम्सच्या नियमांनी, ही जबाबदारी तुमच्यावर, आयातदारावर, टाकली आहे. नुसतं प्रमाणपत्र हातात असून भागत नाही, त्यामागची माहिती तुमच्याकडे असायला हवी आणि पाच वर्षं जपायला हवी. कस्टम्सने पुढे विचारलं आणि उत्तर देता आलं नाही, तर सवलत व्याजासकट परत जाते.

ब्रँड जपानी म्हणजे मशीन जपानी, असंही नाही. जपानी नावाची मशीन थायलंड, इंडोनेशिया, चीन इथेही बनतात. मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेनसाठीची टीबीएम जर्मन कंपनीची, पण ग्वांगझूमध्ये बनलेली, आणि २०२५ मध्ये ती तिथेच अडकल्याच्या बातम्या आल्या होत्या. पाटीवरचा देश बघा, रंग नको.

परवान्याचं म्हणाल तर जुनी यंत्रसामग्री आणायला बहुधा परवाना लागत नाही. परदेश व्यापार धोरण २०२३ मध्ये जुनी भांडवली यंत्रं मुक्त आहेत. अपवाद जुने संगणक, लॅपटॉप, फोटोकॉपी मशीन आणि डिझेल जनरेटर संच यांचे. ते निर्बंधित आहेत. जनरेटर मुद्दाम लक्षात ठेवा. “कंटेनरवर जागा उरलीय, एक जुना जनरेटर टाकतो, खाणीवर कामाला येईल,” असं व्यापारी प्रेमाने सुचवतो, आणि त्या एका डब्यापायी सगळी खेप अडकते. जुने दुरुस्त केलेले सुटे भाग आणायचे असतील तर निदान ८० टक्के आयुष्य शिल्लक असल्याचं चार्टर्ड इंजिनिअरचं प्रमाणपत्र लागतं. आयातदार म्हणून तुमचा आयईसी, म्हणजे आयात-निर्यात क्रमांक, आणि परकीय चलनाचा व्यवहार करणाऱ्या तुमच्या बँक शाखेचा एडी कोड बंदरावर नोंदलेला हवा. ती कामं दोन-चार दिवसांची आहेत, पण खेप आल्यावर करायची नाहीत.

नवीन मशीन मागवणाऱ्यांसाठी आणखी एक बाब. अवजड उद्योग मंत्रालयाने २८ ऑगस्ट २०२४ ला यंत्रांच्या सुरक्षेचा एक व्यापक तांत्रिक आदेश काढला, त्यात क्रेन आणि माती-बांधकामाची यंत्रंही घेतली. अंमलाची तारीख नंतर १ सप्टेंबर २०२६ पर्यंत ढकलली गेली. असल्या आदेशात बदल होत राहतात. ऑर्डर देण्याच्या आठवड्यात तुमच्या सीएचएकडून, म्हणजे कस्टम्सचं काम बघणाऱ्या एजंटकडून, आजची स्थिती लेखी घ्या. तोंडी नको.

व्हील लोडरचं उत्तर इथेच देऊन टाकतो: थेट मागवू नका. चेनचं पोकलेन रस्त्यावर चालत नाही, ट्रेलरवर जातं, त्याला आरटीओची पाटी लागत नाही. चाकांचं मशीन केंद्रीय मोटार वाहन नियमांत ‘बांधकाम उपकरण वाहन’ (सीईव्ही) ठरतं. त्याला टाइप अप्रूव्हल, म्हणजे त्या मॉडेलची मान्यता, लागतं, पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून, आणि ते उत्पादकाने मिळवायचं असतं. एक लोडर मागवणाऱ्या तुमच्यासाठी कारखाना ते करणार नाही. शिवाय चाकांच्या मशीनला १ एप्रिल २०२१ पासून सीईव्ही स्टेज ४ आणि १ जानेवारी २०२५ पासून स्टेज ५ उत्सर्जन मानकं लागू आहेत. पासिंग न होणारा लोडर खाणीच्या आवारात फिरवता येईल म्हणणारे भेटतील. एखाद्या दिवशी तो फाट्यापर्यंत डिझेल भरायला गेला आणि अपघात झाला, तर विमा कंपनी पहिल्यांदा पासिंगचा कागद मागेल. ग्रेडर, बॅकहो, टायरचा रोलर, सगळ्यांना हेच लागू.

आता मुख्य गोष्टीकडे येतो: सातासमुद्रापलीकडचं मशीन इथे बसून ओळखायचं कसं.

फोटोवर विश्वास नाही. नवा पिवळा रंग दिसला की मला उलट शंका येते. जपानहून विकायला निघालेलं सच्चं मशीन थोडं उन्हाने उडालेलं, बकेटवर चंदेरी ओरखडे असलेलं असतं. काही वर्षांपूर्वी ओळखीच्या एकासाठी आलेलं मशीन असं चकाचक होतं की सीएफएसमधले, म्हणजे बंदरालगतच्या कंटेनर गोदामातले, हमालसुद्धा बघायला आले. साइटवर तिसऱ्या दिवशी ऑपरेटर म्हणाला, “साहेब, घर हलतंय.” घर म्हणजे चेनवरचा फिरणारा सगळा वरचा भाग. बकेट जमिनीला टेकवून पुढची चेन उचलली, डायल गेज लावून खेळ मोजला, तेव्हा स्विंग बेअरिंग संपलेलं निघालं. वीस टनी मशीनमध्ये ते बदलायचं म्हणजे वरचं सगळं उचलून बाजूला ठेवायचं. भाव, भाडं, ड्यूटी यांत वाचवलेलं सगळं त्या एका बेअरिंगमध्ये गेलं. विक्रेत्याने फोटो पाठवले होते चाळीस, खेळाचं माप एकही नाही.

म्हणून मी आता विक्रेत्याकडून फोटोऐवजी व्हिडिओ मागतो, तोही ठरलेल्या क्रमाने, न तोडता. इंजिनाला हात लावून ते थंड असल्याचं दाखवायचं, मग चावी. सुरू होताना निघणारा धूर पाहायचा: निळा असेल तर इंजिन तेल खातंय, पांढरा बराच वेळ टिकला तर इंधन नीट जळत नाही, काळा थोडा चालतो. इंजिन चालू असताना तेलाचं झाकण उघडून वाफेचा जोर दाखवायचा. अवरमीटर आणि सिरियल नंबरची पाटी एकाच फ्रेममध्ये. बूम पूर्ण खालून पूर्ण वर जायला किती सेकंद लागतात ते मोजायचं आणि त्या मॉडेलच्या पुस्तकातल्या आकड्याशी ताडायचं. पंप थकला असेल तर हे सेकंद वाढलेले असतात. मशीन सरळ वीसेक मीटर चालवायचं. एका बाजूला खेचत असेल तर ट्रॅव्हल मोटर किंवा फायनल ड्राइव्ह बघावी लागेल. फायनल ड्राइव्हचं तेल थोडं काढून मॅग्नेटवर भुगा येतो का ते दाखवायचं. जो विक्रेता “एवढं कोण करतं” म्हणतो, त्याच्याकडून घेऊ नका. जपानमधले चांगले व्यापारी हे करतात, त्यांना सवय आहे.

अंडरकॅरेजला वेगळं बघायचं. चेनच्या मशीनवर दुरुस्तीचा मोठा पैसा तिथेच जातो, आणि आपल्या बेसॉल्टमध्ये तो लवकर जातो. लिंकची उंची, स्प्रॉकेटचे दात, रोलर, आयडलर यांची झीज टक्क्यांत लिहून घ्या. अवरमीटरवर ५,००० तास आणि स्प्रॉकेटचे दात सुईसारखे टोकदार असतील, तर त्यातला एक खोटा आहे. कोणता ते सांगायला नको.

सगळ्यात महत्त्वाचा सिरियल नंबर. तो मिळताच इथल्या डीलरच्या पार्ट्स काउंटरवर जा आणि त्यांच्या सिस्टिममध्ये तो येतो का विचारा. जपानच्या देशी बाजारासाठी बनलेलं मॉडेल आणि भारतात विकलं गेलेलं मॉडेल नावाने एकच असलं तरी आतून वेगळं असू शकतं: कंट्रोलर, पंप, वायरिंग, मॉनिटरवरची भाषासुद्धा. ऑपरेटर जपानी अक्षरं ओळखायला लागतो, तो प्रश्न फारसा नाही. पण एरर कोड आला आणि डीलरच्या लॅपटॉपला मशीन ओळखताच आलं नाही, तर हंगामात पंधरा दिवस मशीन उभं. फिल्टर, होज, सील, बकेटचे दात या गोष्टी कुठेही मिळतील. कंट्रोलर आणि सेन्सर मिळतील का हा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर नंबरावरून पैसे देण्याआधी मिळतं. अलीकडच्या मशीनमध्ये डीपीएफ किंवा एससीआर, म्हणजे इंजिनाचा धूर स्वच्छ करणारी यंत्रणा, असली तर घाबरू नका. १ एप्रिल २०२० पासून आपलं डिझेल बीएस-६ चं, १० पीपीएम गंधकाचं आहे. फक्त युरिया द्रव खाणीवर वेळेवर पोहोचेल याची सोय बघा, आणि गावठी पिंपातलं डिझेल बंद करा.

टेलिमॅटिक्सचा, म्हणजे मशीनची माहिती दूरवर पाठवणारा, मोडेम असलेल्या मशीनला वायरलेस विभागाच्या मान्यतेचा प्रश्न विचारला जाऊ शकतो. सीएचएला आधी सांगून ठेवलेलं बरं.

पैशांचं. बाजारात चालणारी रीत अशी: ३० टक्के आगाऊ, उरलेले बीएलची, म्हणजे माल जहाजावर चढल्याच्या पावतीची, प्रत आली की. कंत्राटदाराला वाटतं बीएल आला म्हणजे मशीन ठीक. बीएल एवढंच सांगतो की एक मशीन जहाजावर चढलं. त्याचं इंजिन आहे की नाही हे तो सांगत नाही. एलसी, म्हणजे कागद दाखवल्यावर पैसे देण्याची बँकेची हमी, काढली तरी मूळ तत्त्व तेच आहे: बँक कागद बघते, माल बघत नाही. मग कागदातच मालाची तपासणी आणायची. उरलेली रक्कम, किंवा एलसीची अट, स्वतंत्र तपासणी संस्थेच्या अहवालाला बांधा, आणि अहवालात काय मोजायचं ते वर सांगितल्याप्रमाणे तुम्हीच लिहून द्या. रिझर्व्ह बँकेचा नियम दोन लाख डॉलरवरच्या आगाऊ रकमेसाठी परदेशी बँकेची हमी मागतो. तुमची रक्कम त्याच्या बरीच खाली आहे. म्हणजे बँक तुम्हाला अडवणार नाही, आणि वाचवणारही नाही.

जुन्या मशीनची एक तपासणी कस्टम्सलाही हवी असते. डीजीएफटीने, म्हणजे परदेश व्यापार महासंचालनालयाने, अधिसूचित केलेल्या संस्थांची यादी परिशिष्ट २जी मध्ये आहे. मशीनचं उत्पादन वर्ष, नवी असतानाची किंमत, आजची अवस्था, उरलेलं आयुष्य आणि त्यावरून किंमत, असा तो अहवाल असतो. लोक समजतात एकदा तपासणी झाली, आता मशीन चांगलं. ही तपासणी किमतीसाठी आहे. पंपाचा दाब त्यात कुणी मोजत नाही. एकाच संस्थेला दोन्ही कामं एका फेरीत द्या, पण दोन वेगळे अहवाल मागा. हा अहवाल नसेल किंवा किंमत संशयास्पद वाटली, तर इथे पुन्हा मूल्यांकन होतं. ३५ लाखांचं मशीन ४२ लाखांचं धरलं गेलं तर ड्यूटी ९,७०,७२५ ऐवजी ११,६४,८७० होते. त्याहून जास्त जातात ते या वादात गेलेले दिवस. आणि इनव्हॉइस मुद्दाम कमी दाखवण्याची कल्पना कुणी दिली तर तिथेच थांबवा. नव्या मशीनची किंमत आणि उत्पादन वर्ष कस्टम्सला तुमच्याइतकंच माहीत असतं.

एक प्रसंग सांगतो, मशीनचा नाही. एका खेपेत उरलेले पैसे पाठवायच्या आदल्या दिवशी विक्रेत्याचा ईमेल आला: आमचं खातं ऑडिटमध्ये आहे, या नव्या खात्यात पाठवा. भाषा तीच, सही तीच, खालचा लोगो तोच. पत्त्यात फक्त एक अक्षर वेगळं. आमच्या मुलाने फॉर्म भरूनही ठेवला होता. मी जुन्या इनव्हॉइसवरचा नंबर काढून जपानला फोन लावला. तिकडच्या बाईंना कसल्याही ऑडिटचा पत्ता नव्हता. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे, खातं बदलल्याचा निरोप आला की फोन, आणि फोन नव्या मेलमधल्या नंबरावर नाही.

येनमधला भाव आणि रुपयांतली तुमची ऐपत यांच्यात दोन-अडीच महिने जातात. बँकेकडे फॉरवर्ड कव्हरची, म्हणजे पुढच्या तारखेचा दर आजच पक्का करण्याची, चौकशी करा. पैसे गेल्यावर बिल ऑफ एंट्री बँकेकडच्या नोंदीत जुळलं का हेही बघा. ते राहिलं की पुढच्या आयातीच्या वेळी बँक जुनी थकलेली नोंद काढून बसते.

जहाजावर कसं यायचं? वीस टनी पोकलेनची रुंदी साधारण २.८ मीटर, कंटेनरची आतली रुंदी २.३५. म्हणजे साध्या डब्यात मावत नाही. एकतर चालवत चढवायचं रो-रो जहाज, नाहीतर फ्लॅट रॅक, म्हणजे बाजू नसलेला कंटेनर. बूम-आर्म सोडून उंची कमी करता येते, पण इथे परत जोडायला क्रेन आणि पिनचं काम येतं. रो-रो असेल तर कोणत्या बंदरात लागणार ते आधी विचारा. मुंबई बंदर आणि न्हावा शेवा ही कस्टम्सच्या लेखी दोन वेगळी ठिकाणं आहेत, आणि तुमचा सीएचए, एडी कोड, ट्रेलर सगळं त्यावर ठरतं.

मशीन धुवून पाठवायला लेखी सांगा. ही आईने सांगितल्यासारखी गोष्ट वाटेल, पण चेनमध्ये अडकलेली परदेशी माती ही वनस्पती संगरोधाच्या नियमांत बसणारी वस्तू आहे. एका मशीनच्या रोलरमागे सुकलेला चिखल आणि त्यात उगवलेलं गवत निघालं होतं. ते साफ करून परवानगी मिळेपर्यंतचे दिवस भाड्याच्या मीटरवर गेले. खाली लाकडी ठोकळे लावले असतील तर त्यावर आयएसपीएम १५ चा, म्हणजे लाकडावर कीडनाशक प्रक्रिया झाल्याचा, शिक्का हवा.

विमा घेताना सर्वांत स्वस्त अटींवर, म्हणजे क्लॉज ‘सी’ वर, घेऊ नका. त्यात डेकवरून वाहून गेलेला माल येत नाही. क्लॉज ‘ए’ घ्या. आणि जनरल अॅव्हरेज हा शब्द ऐकून ठेवा. २३ मार्च २०२१ ला सुएझमध्ये एव्हर गिव्हन अडकलं, तेव्हा जहाज सोडवण्याच्या खर्चाचा वाटा त्यावरच्या मालाच्या मालकांकडे मागितला गेला, माल सुखरूप असतानाही. विमा असेल तर तो वाटा कंपनी भरते. जपानची वाट सुएझवरून येत नाही, पण नियम समुद्रभर तोच.

आता दिवसांचा हिशेब, दसऱ्यापासून मागे. बंदरातून पाटणपर्यंत ट्रेलरचे दोन दिवस. मशीन २.६ मीटरपेक्षा रुंद, म्हणून ओडीसी, म्हणजे जादा मापाच्या मालाची, परवानगी हवी. ट्रेलरवाल्याकडे ती आहे का, हे “होईल हो साहेब”वर सोडू नका. खंबाटकी आणि पुढचे रस्ते अनुभवी लो-बेडवाल्यालाच द्या, आणि तुमच्या खाणीच्या वळणावर लो-बेड वळतो का ते आधी जाऊन बघा. बंदरात सगळं सुरळीत असेल तर पाच-सहा दिवस, मूल्यांकनाचा वाद झाला तर दोन आठवडे धरा. जपानहून समुद्रात तीन ते चार आठवडे. त्याआधी धुणं, तपासणी, जहाजात जागा मिळणं, दोन-तीन आठवडे. म्हणजे दसऱ्याला मशीन हवं असेल तर जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात करार झालेला हवा. पावसाळ्यात तुमचं काम तसंही थंड असतं, निवड करायला तोच काळ बरा.

बिल ऑफ एंट्री जहाज येण्याच्या आदल्या दिवशीपर्यंत भरावी लागते. उशीर झाला की पहिले तीन दिवस रोज ५,००० आणि पुढे रोज १०,००० रुपये. ड्यूटी भरायला उशीर केला तर १५ टक्क्यांनी व्याज. यावर सीएफएसचं भाडं आणि शिपिंग लाइनचं डिटेन्शन, म्हणजे कंटेनर जास्त दिवस अडकवल्याचं भाडं, वेगळं. फ्लॅट रॅकचं साध्या डब्यापेक्षा जास्त. आयजीएसटीचे पैसे जमवायला आठवडा लागला म्हणून दीड लाख घालवलेले लोक आहेत. ड्यूटीची रक्कम जहाज कोलंबो ओलांडेल तेव्हाच खात्यात हवी.

मशीन साइटवर आलं की नारळ फोडा, पण लगेच ब्रेकर, म्हणजे खडक फोडायचा हातोडा, लावून पाषाणावर सोडू नका. इंजिन, हायड्रॉलिक, स्विंग आणि फायनल ड्राइव्हचं सगळं तेल आणि सगळे फिल्टर बदला, कारण आत काय आहे ते कुणालाच माहीत नाही. जुन्या तेलाचे नमुने प्रयोगशाळेत पाठवा. पहिले ५० तास मातीकाम, मग पुन्हा फिल्टर कापून आत धातूचा चुरा बघायचा, मगच ब्रेकर.

तुमच्या जागी मी दोन्ही एकदम मागवणार नाही. एक मागवेन, त्याचा खरा खर्च आणि पहिल्या हंगामातला त्रास लिहून काढेन आणि मग दुसऱ्याचा विचार करेन. आज मात्र व्यापाऱ्याला दोन्ही मशीनचे सिरियल नंबर आणि थंड इंजिनाचा व्हिडिओ मागा. उत्तर आलं की नंबर घेऊन कराडच्या किंवा कोल्हापूरच्या पार्ट्स काउंटरवर जा.